जुनी बोट घेताय? आधी तपासा, मग पैसे मोजा

गेल्या मे महिन्यात एक खातेदार आमच्या शाखेत मुदत ठेव मोडायला आले. ठेव तीन लाखांची, आणि मासेमारीची जुनी फायबर बोटही तेवढ्याच किमतीची. "कागद पाहिलेत का?" असे विचारल्यावर म्हणाले, "बोटीवर नंबर आहे की!" दोन दिवस थांबून चौकशी केली, तेव्हा कळले की बोटीवर दुसऱ्या एका बँकेचे कर्ज बाकी आहे. ठेव वाचली. तुमचीही वाचावी, म्हणून पुढील गोष्टी ध्यानात घ्या.

१. कागद
नोंदणी प्रमाणपत्र विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, ते पाहा. बोटीवरचा नोंदणी क्रमांक आणि इंजिनचा क्रमांक कागदाशी ताडून पाहा. बोटीवर कर्ज असल्यास बँकेचा 'कर्ज बाकी नाही' असा दाखला मागा. नोंदणी व मासेमारी परवाना तुमच्या नावावर कसा होईल, हे मत्स्य विभागाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या. पैसे खात्यातूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय रोखीचा पुरावा राहत नाही.

२. बोट आणि इंजिन
बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना तळ पाहा. ठोकल्यावर एखाद्या जागी बद्द आवाज आला किंवा दाबल्यावर नरम लागले, तर आत पाणी मुरलेले असू शकते. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसते, ती विशेष तपासा. इंजिन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. गिअर ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी गेले आहे असे समजा. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याची मजुरी हा वाया गेलेला खर्च नव्हे.

३. खरी किंमत
केवळ समजण्यासाठी एक उदाहरण:
बोट व इंजिन – २,४०,००० रु.
इंजिन दुरुस्ती – २०,००० रु.
नावावर करणे, परवाना, विमा – १०,००० रु.
जाळी, लाइफ जॅकेट – ३०,००० रु.
एकूण – ३,००,००० रु.

म्हणजे हाती तीन लाख असतील, तर तीन लाखांची बोट परवडत नाही. घरखर्चासाठी किमान तीन महिन्यांची रक्कम याशिवाय बाजूला हवी.

४. बंदीचे महिने
यांत्रिक बोटींना पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून मासेमारीबंदी असते. कमाई दहा महिन्यांची, हप्ते मात्र बारा. हप्ता ६,००० रुपयांचा असेल, तर वर्षाचे ७२,००० होतात. म्हणून कमाईच्या दर महिन्याला ७,२०० रुपये बाजूला काढा.

देखभालीसाठी सप्टेंबर ते मे अशी नऊ महिन्यांची आवर्ती ठेव सोयीची. दरमहा २,००० रुपये भरलेत, तर जूनमध्ये बोट वर ओढताना १८,००० रुपये आणि व्याज हाती येईल. रोज परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवा. एवढ्याने मीठ साचत नाही आणि मोठी दुरुस्ती लांबते.

५. विमा
बोटीचा विमा वेगळा, माणसाचा वेगळा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. पण त्यात बोटीचे नुकसान येत नाही. डिझेल, बर्फ अशा चालू खर्चासाठी किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळते. सावकाराकडे जाण्याआधी शाखेत विचारा.

लक्षात ठेवा: "आजच इसार द्या, नाहीतर दुसरा घेईल," असे कोणी म्हणाले, तर त्याच दिवशी इसार देऊ नका. कागद पुरे होईपर्यंत ठेव मोडू नका.