नियमाचा कागद शोधताना

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी महाविद्यालयात भेटायला आली. शाहपूरकडची. घरचा संसार यंत्रमागाच्या मजुरीवर चालतो. ती स्वतः एका खासगी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात मराठीत पीएच.डी.चे काम करते. पिशवीतून तिने एक छापील कागद काढला. त्यातल्या एका वाक्याखाली कोणीतरी लाल रेघ ओढली होती. प्रबंध सादर करण्यापूर्वी तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकात किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असला पाहिजे, अशा अर्थाचे ते वाक्य. एका नियतकालिकाने महिन्याभरात लेख छापून देण्याचे साडेचार हजार रुपये मागितले होते.

"सर, भरून टाकू का? नियमच आहे तसा."

नियम तसा होता, हे खरेच. कागद बनावट असता तर प्रश्न सोपा होता. तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या पीएच.डी. विनियमांचा अस्सल कागद होता. पण ७ नोव्हेंबर २०२२ रोजी आयोगाचे नवे विनियम राजपत्रात प्रसिद्ध झाले आणि त्यांत ही अट राहिली नाही. एवढ्यावर मी तिला "भरू नकोस" म्हणणार होतो. सुदैवाने पुढचे कलमही वाचले. नव्या विनियमांपूर्वी नोंदणी झालेल्यांना २००९ चे किंवा २०१६ चे, जे लागू असतील ते, विनियम लागू राहतील असे तिथे म्हटले आहे. म्हणजे पहिला प्रश्न "नियम काय आहे?" हा नव्हताच. "तुझी नोंदणी कधीची?" हा होता. तिने पावती काढली. मार्च २०२३.

पूर्वी हे काम महाविद्यालयाचे बडे बाबू करत. कोणते परिपत्रक कोणत्या फायलीत आहे आणि ते नंतर कशाने बदलले, हे त्यांच्या डोक्यात असे. आता सगळे कागद संकेतस्थळांवर आहेत आणि बडे बाबूंचे डोके मात्र तिथे नाही. शोधचौकटीत शब्द टाकला की कागद येतो. तो आज चालतो की नाही, हे तो स्वतः सांगत नाही.

याचे कारण नियमांच्या कागदांच्या घडणीत आहे. महाराष्ट्राचा कोणताही शासन निर्णय उघडून पाहा. वर विषय, क्रमांक, दिनांक. मग 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून आधीच्या कागदांची यादी. मग प्रस्तावना, निर्णय, सही आणि प्रती कोणाला त्याची यादी. ही संदर्भांची यादी मागे मागे नेते. पुढचा जिना मात्र नाही. २००९ च्या कागदाला २०२२ मध्ये काय होणार हे माहीत असणे शक्य नाही, आणि संकेतस्थळावर ठेवलेल्या त्याच्या प्रतीवर नंतर कोणी "हा आता चालत नाही" असा शिक्का मारतोच असे नाही. म्हणून पुढे जायचे तर उलटी युक्ती करावी लागते: जुन्या कागदाची तारीख किंवा क्रमांक हाच शोधशब्द म्हणून वापरायचा. नवा कागद जुन्याला बदलतो तेव्हा त्याला जुन्याचे नाव घ्यावेच लागते. 'अधिक्रमित' हा शब्द त्या तारखेच्या आसपास दिसला की समजावे, जुन्याची जागा नव्याने घेतली.

आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण लिपीचे. मराठी वर्णमाला आणि देवनागरी लिपी यांविषयीचा महाराष्ट्राचा ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय अनेक शिक्षकांकडे छापून ठेवलेला आढळतो. 'ल' पाकळीचा की दांडीचा, 'श' कसा काढावा, यावर वाद झाला की तो बाहेर निघतो. परंतु १० नोव्हेंबर २०२२ रोजी मराठी भाषा विभागाने याच विषयावर सुधारित शासन निर्णय काढला आहे. हे दोन्ही कागद शोधताना एक गंमत होते. २००९ चा निर्णय सामान्य प्रशासन विभागाचा, कारण स्वतंत्र मराठी भाषा विभाग झाला तोच २०१० मध्ये. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभागांची यादी असते. 'मराठी भाषा विभाग' निवडून २००९ चा कागद धुंडाळणे म्हणजे ज्याचे कपाटच तेव्हा नव्हते त्यात हात घालणे. विभागांची नावे आणि कामे बदलत असतात, म्हणून शंका असेल तर विभागाचा रकाना मोकळा ठेवावा आणि तारखेचा पल्ला द्यावा. कागदाच्या शेवटी अठरा अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हा संकेतांक हाती असला की बाकी काहीच शोधावे लागत नाही; म्हणून कोणी शासन निर्णयाचे छायाचित्र पाठवले तर मी आधी शेवटचे पान मागतो.

सगळेच कागद मात्र अधिक्रमित होत नाहीत. काहींना दुरुस्त्या होतात, आणि दुरुस्ती वेगळ्या कागदावर येते. मूळ जसेच्या तसे राहते. अध्यापकांच्या पात्रतेचे आयोगाचे २०१८ चे विनियम वाचले तर विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य असल्याचे दिसते. ही तारीख २०२१ मधल्या दुरुस्तीने १ जुलै २०२३ वर गेली आणि २०२३ मधल्या दुरुस्तीने नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठरली. २०१८ चा कागद वाचून निराश झालेले विद्यार्थी मला आजही भेटतात.

असे विनियम भारताच्या राजपत्रात भाग तीन, खंड चारमध्ये येतात. २०१५ पासून राजपत्र कागदावर न छापता संकेतस्थळावरच प्रसिद्ध होते. शोधताना 'असाधारण' हा प्रकार, भाग, खंड आणि तारीख दिली की पसारा पुष्कळ आवरतो. आमच्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी आणि संस्कृत असे दोन्ही शिलालेख आहेत. राजपत्रही दुभाषी: आधी हिंदी, मागून इंग्रजी. हिंदीतले वाक्य दुर्बोध वाटले तर पाने उलटून इंग्रजी पाहावे. दोन्हींत मिळून अर्थ बहुधा लागतो.

आता मराठीपुरत्या अडचणी. शोधचौकट अर्थ जाणत नाही, अक्षरे जुळवते, आणि आपली भाषा अक्षरे फार बदलते. 'शाळा' विभक्तीत 'शाळेतील' होते, 'विद्यार्थी'चे 'विद्यार्थ्यांना' होते. म्हणून शब्द जितका आखूड आणि जितका न बदलणारा, तितका बरा. 'पुस्तक' लिहावे, 'पुस्तकांच्या' नको. 'कर्मचाऱ्यांना' हा शब्द तर हटकून टाळावा. 'ऱ्या' संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो, एकदा नुक्त्याच्या 'ऱ'ने आणि एकदा साध्या 'र'नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन; डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. 'ॲ'चेही तसेच. 'द्ध' आणि 'ध्द' यांचा गोंधळ सरकारी टंकलेखनात इतका रुळला आहे की शुद्धिपत्रक शोधताना 'शुध्दीपत्रक' असे अशुद्ध लिहूनही पाहावे लागते. मराठीच्या प्राध्यापकाला हे लिहिताना हात थरथरतो, पण कागद सापडतो. आकड्यांचेही दोन्ही वेष करून पाहावेत: देवनागरी आणि रोमन.

आपल्यासारख्या मध्य प्रदेशातील मराठी माणसाला आणखी एक जपणूक हवी. आपण सकाळी हिंदीत अर्ज लिहितो आणि संध्याकाळी मराठीत लेख. इकडे 'उच्च शिक्षा', तिकडे 'उच्च शिक्षण'. महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर सवयीने 'शिक्षा' लिहिले तर शिस्तभंगाच्या कारवाईचे कागद पुढ्यात येतील! इकडचे 'परिपत्र' तिकडे 'परिपत्रक'. आणि 'संकल्प' हिंदी राजपत्रात शासकीय ठराव असतो. मराठीत तो नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी करायचा.

कागद उघडल्यावरही आतला शोध फसतो. तो स्कॅन केलेला असेल तर यंत्राच्या लेखी ते नुसते चित्र. कृतिदेव किंवा तसल्या जुन्या टंकात असेल तर देवनागरी आकारांखाली रोमन अक्षरे दडलेली असतात. परीक्षा सोपी आहे: त्यातला एक शब्द उचलून कोऱ्या पानावर चिकटवावा. देवनागरी उतरली तर शोध चालेल. अगम्य रोमन उतरले, किंवा शब्द उचलताच आला नाही, तर 'सापडले नाही' या उत्तरावर विश्वास न ठेवता पाने डोळ्यांनी वाचावीत. संकेतस्थळाची स्वतःची चौकट हट्टी असेल तर गुगलमध्ये रोमन अक्षरांत 'साइट', त्याला चिकटून दोन टिंबे, त्यांना चिकटून संकेतस्थळाचा पत्ता, आणि जागा सोडून अवतरणचिन्हांत आपले शब्द द्यावेत. मग शोध त्या एका घरापुरता होतो.

विद्यार्थिनीचे काम मात्र आयोगाच्या विनियमांवर संपले नव्हते. आयोग किमान अटी सांगतो. विद्यापीठाचा अध्यादेश त्याहून कडक असू शकतो. तो तिसऱ्या दिवशी सापडला. 'पीएच.डी.' लिहून नव्हे, 'शोध' लिहून नव्हे. 'परिनियम व अध्यादेश' या मथळ्याखाली, स्कॅन केलेला, तिरपा. आम्ही दोघांनी आळीपाळीने तो ओळ न ओळ वाचला. तिच्या तुकडीसाठी शोधनिबंधाची अट त्यात नव्हती. तरी मी तिला अध्यादेशाचा क्रमांक, राजपत्राची तारीख आणि स्वतःच्या नोंदणीची तारीख घालून शोध विभागाला लेखी विचारायला लावले. एका ओळीचे उत्तर आले: आवश्यकता नाही. साडेचार हजार घरात राहिले.

पुढच्या आठवड्यात ती शाळेतल्या एका सहकाऱ्याला घेऊन आली. त्याच्याकडेही तोच कागद, तीच लाल रेघ. नोंदणी ऑगस्ट २०२२ ची. त्याला मात्र लेख छापावाच लागेल. त्यासाठी पैसे भरावेत असे त्या कागदात कुठेही लिहिलेले नाही, हे मी त्याला वाचून दाखवले, आणि आता आम्ही तिघे चांगल्या नियतकालिकांची नावे काढत बसलो आहोत.