पावनखिंड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाजीप्रभूंचे नाव आईच्या तोंडून, शाळेच्या पुस्तकातून किंवा शाहिराच्या डफावर ज्याने ऐकले नाही, असा मनुष्य करवीरात शोधूनही सापडायचा नाही. आणि तरीही ज्या खिंडीमुळे ते नाव अजरामर झाले ती नेमकी कोठे आहे, तिच्या पलीकडे काय वाढून ठेवले होते आणि तेथे सांडलेल्या रक्ताने राज्याच्या पदरात काय पडले, असे विचारले असता उत्तरे बहुधा अंदाजाचीच मिळतात. शाहूवाडी तालुक्यात गजापूरनजीक असलेली, पूर्वी घोडखिंड म्हणून ओळखली जाणारी ही अरुंद वाट 13 जुलै 1660 रोजी, पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशालगडाकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचा पाठलाग बाजीप्रभूंनी येथे रोखून धरला तेव्हा, पावन झाली. तिच्याविषयीची भक्ती उदंड आहे, माहिती मात्र तोकडी. आणि माहितीच्या या तोकडेपणामुळे त्या पराक्रमाची खरी थोरवीच आपल्या हाती लागत नाही. म्हणून काही रूढ समजुती तपासून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : पावनखिंड म्हणजे कोकणात उतरणारा घाट, आंबा घाट तोच.

वस्तुस्थिती : कोल्हापुराहून मलकापूरमार्गे रत्नागिरीस जाणारे कित्येक प्रवासी आंबा घाटाच्या वळणावर गाडी थांबवतात आणि खालच्या दरीकडे बोट दाखवून मुलांना सांगतात, की बाजीप्रभू येथेच लढले. वस्तुतः आंबा घाट सह्याद्रीची कड उतरून कोकणात जातो, तर पावनखिंड त्या कडेच्या अलीकडे, घाटमाथ्यावरच आहे. तो कासारी नदीच्या उगमाचा मुलूख. तेथील पाऊस पश्चिम समुद्राकडे न जाता कासारीतून पंचगंगेस येतो, म्हणजे पंचगंगेच्या घाटावर उभे राहून आपण जे पाणी पाहतो त्यात त्या खिंडीचाही अंश असतो. खिंड म्हणजे ओढ्याने काळ्या कातळात कोरलेली एक घळ आहे. पावसाळ्यात तिच्या तळातून पाणी धावते, दगडांवर शेवाळ धरते, दोन्ही बाजूंस झाडी दाटते आणि फौज कितीही मोठी असली तरी एका वेळी मोजक्याच माणसांना पुढे सरकता येते. संख्याबळ जेथे निरुपयोगी ठरते अशी जागा हेरणे, ही त्या दिवशीच्या युद्धनीतीची पहिली खूण होय.

या मुलुखाचे महत्त्वही त्या एका दिवसापुरते नव्हते. राजापूर बंदराचा माल अणुस्कुरा घाटाने वर चढून पन्हाळा-कोल्हापूरकडे येई. उत्तरेस आंबा घाटाची वाट होती. आणि या दोन्ही वाटांच्या मध्ये खेळणा, म्हणजेच पुढचा विशालगड, ठाण मांडून बसलेला होता. पंधराव्या शतकात बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार मोठी फौज घेऊन या किल्ल्यावर चालून आला, तेव्हा शिर्क्यांनी व मोऱ्यांनी त्याला याच रानात गाठून फौजेसह गारद केले होते. डोंगर आणि रान ज्याला साह्य करतात त्याच्यापुढे तख्ताचे बळ लुळे पडते, हा धडा या भूमीने दोनशे वर्षे आधीच दिलेला होता.

गैरसमज : महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती अमावास्येची काळोखी रात्र होती.

वस्तुस्थिती : ती शके 1582 मधील आषाढी पौर्णिमेची, म्हणजे गुरुपौर्णिमेची रात्र होती. चंद्राला झाकले ते सह्याद्रीच्या पावसाने, आणि मसाईच्या विस्तीर्ण पठारावरून कुंभारवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी अशी सुमारे 50 किलोमीटरांची मजल मावळ्यांनी त्याच पावसात, चिखल तुडवीत मारली.

गैरसमज : खिंड ओलांडली की विशालगडाचे दरवाजे स्वागतास उघडेच होते.

वस्तुस्थिती : गड 1659 च्या अखेरीस स्वराज्यात आला होता हे खरे; परंतु त्याच्या पायथ्याशी शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी आदिलशाहीच्या बाजूने मोर्चे लावून बसले होते. मागून पाठलागावर आलेली आदिलशाही सरदार सिद्दी मसूदची फौज, पुढे सुर्वे-दळव्यांचा वेढा आणि सोबत रात्रभर चालून थकलेली माणसे, अशा कात्रीतून महाराजांना तलवारीने वाट काढून गड गाठावा लागला. खिंडीत प्रत्येक घटका का मोलाची होती, हे या दुसऱ्या वेढ्याचे भान ठेवल्यावाचून उमगत नाही.

गैरसमज : खिंड एकट्या बाजीप्रभूंनी राखली.

वस्तुस्थिती : बाजीप्रभू हे हिरडस मावळचे देशपांडे आणि तेथील देशमुख बांदल यांचे कारभारी; खिंडीत त्यांच्या खांद्यास खांदा लावून जे लढले व पडले ते मुख्यत्वे बांदलांचे मावळे होते, आणि बाजींचे बंधू फुलाजी यांनीही तेथेच देह ठेवला. या पराक्रमानंतर दरबारातील तलवारीच्या मानाचे पहिले पान बांदलांना देण्यात आले; तो मान ज्यांचा होता त्या कान्होजी जेध्यांनी तो संतोषाने सोडला. वतनाच्या व मानपानाच्या तंट्यांत पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडण्याच्या त्या काळात एका देशमुखाने असे औदार्य दाखवावे, ही गोष्ट खिंडीतील लढाईइतकीच स्मरणीय होय. खिंडीतील या वीरांच्याही आधी, पालखीत महाराजांच्या वेषात बसून शत्रूच्या हाती जाण्याचे पत्करणारा नेबापूरचा शिवा काशीद हौतात्म्य पावला होता.

गैरसमज : या बलिदानामुळे पन्हाळा वाचला.

वस्तुस्थिती : पन्हाळा वाचला नाही. मार्चपासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा आवळत चालला होता, राजापूरच्या वखारीतील इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीस आले होते, आणि तिकडे पुण्यात शायिस्ताखान उतरून चाकणच्या किल्ल्यास मोगलांचा वेढा पडला होता. दोन पातशाह्यांशी एकाच वेळी झुंजणे परवडणारे नव्हते. म्हणून 1660 च्या सप्टेंबरात तह करून महाराजांनी पन्हाळा आदिलशाहीच्या स्वाधीन केला. तो पुन्हा हाती आला 6 मार्च 1673 रोजी, कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या 60 माणसांनिशी छापा घातला तेव्हा. खिंडीत वाचला तो राजा. आणि राजा वाचला म्हणून गेलेला गड परत आला, राजापूरच्या इंग्रजांना त्यांच्या आगळिकीची शिक्षा मिळाली आणि 1674 साली रायगडावर राज्याभिषेक होऊ शकला.

गैरसमज : बाजीप्रभूंची समाधी पन्हाळ्यावर आहे.

वस्तुस्थिती : पन्हाळ्यावर त्यांचा भव्य पुतळा आहे. बाजी व फुलाजी या बंधूंच्या समाध्या विशालगडावर आहेत, आणि शिवा काशीद यांची समाधी पन्हाळ्याच्या पायथ्याशी, नेबापूरला आहे.

वस्तुस्थिती जाणल्याने या कथेचे तेज उणे होत नाही, उलट वाढते. कारण चमत्कारापुढे आपण केवळ हात जोडतो, परंतु माणसांनी पूर्ण विचाराने, परिणाम ओळखून स्वीकारलेल्या मरणापासून काही शिकता येते. तेव्हा पन्हाळ्यास जाणाऱ्या प्रत्येकाने पुतळ्यापाशी न थांबता नेबापूरच्या व विशालगडाच्या समाध्यांपर्यंत जावे, खिंडीत उतरताना तेथे कचऱ्याचा कपटाही मागे ठेवू नये, आणि मुलांना बाजीप्रभूंची गोष्ट सांगताना फुलाजी, शिवा काशीद व बांदलांचे मावळे यांची नावे न चुकता घ्यावीत.