अडगळीतला संगणक आणि पासवर्ड ‘फोडणारा’ पेन ड्राइव्ह

बुऱ्हाणपुरासारख्या यंत्रमागांच्या शहरात हिशेबाच्या खोलीतले जुने संगणक पुन्हा वापरात आणण्याचा विषय निघाला की, टायनी कोअर या अवघ्या ४६ एमबी मेमरीवर चालणाऱ्या लिनक्सवर बेतलेली ‘शियाओपान’सारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू केली म्हणजे शेजारच्या कोणत्याही वाय-फायचा पासवर्ड हाती येतो, असे छातीठोकपणे सांगितले जाते. हा समज साफ चुकीचा आहे आणि तो पुन्हा पुन्हा खोडावा लागावा, हे खेदाचे आहे.

या समजाचे मूळ डब्ल्यूईपी या १९९७ च्या सुरक्षापद्धतीत आहे. तिच्यातला दोष फ्लूरर, मँटिन आणि शमीर या अभ्यासकांनी २००१ मध्ये दाखवला, तर २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी तिची किल्ली मिनिटभरात काढून दाखवली. २००४ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीत मात्र हवेतून पकडता येते ती राउटर आणि उपकरण यांच्यातली ओळख पटवण्याची देवघेव, पासवर्ड नव्हे. तो अंदाजानेच शोधावा लागतो आणि प्रत्येक अंदाजामागे एकच गणिती क्रिया ४,०९६ वेळा करावी लागते. जुना संगणक सेकंदाला ५०० अंदाज पडताळतो असे धरले, तर आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सुमारे २०,८८२ कोटी जुळण्या संपायला तेरा वर्षे लागतील. आठ अंकी पासवर्डाला मात्र अडीच दिवसही लागणार नाहीत, आणि दुकानाच्या पाटीवरचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड असेल तर एकच अंदाज पुरेल. म्हणजे कस लागतो तो पासवर्डाचा, आणि जुन्या संगणकाचा खरा उपयोग स्वतःच्या राउटरची अशी पारख करण्यापुरताच आहे.

अपवाद डब्ल्यूपीएस या बटण किंवा पिन वापरून जोडण्याच्या सोयीचा: तिचा आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे संशोधक व्हीबॉक यांनी २०११ मध्ये उघड केले, म्हणून ही सोय बंदच ठेवावी.

वाय-फायचे नाव लपवल्याने संरक्षण मिळत नाही, कारण जोडली जाणारी उपकरणेच ते उच्चारतात. राउटरची पारख करायची तर संगणकातले प्रत्येक जुने वाय-फाय कार्ड चालतेच असे नाही. आसपासचे सर्व संदेश ऐकण्याची क्षमता त्यात असावी लागते. दुसऱ्याच्या जाळ्यात विनापरवानगी, अप्रामाणिक हेतूने शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे, मग ते ‘शिकण्यासाठी’ केले असे कोणी कितीही म्हणो.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहेच काय’ असे म्हणून वाय-फाय उघडे ठेवणाऱ्यांनी जुलै २००८ आठवावा: अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला, आणि तपास पथक आधी त्याच्याच दारात पोहोचले.