कोळशाची धग आणि मधला आडोसा

सिरॅमिकच्या कोळसा-शेगडीत पदार्थ दोन रीतींनी शिजतो. जाळीवरच्या पदार्थाच्या थेट खाली उघडे निखारे असतील तर ती थेट आच. निखारे आणि पदार्थ यांच्यामध्ये काही आडोसा असेल तर ती आडची आच. शीग कबाब, मक्याचे कणीस, भरताचे वांगे, पापलेट हे थेट आचेचे पदार्थ आहेत. अख्खी कोंबडी, बोकडाची रान, पाव, नानकटाई, दमाची बिर्याणी यांना मात्र आडोसा लागतो. थेट आचेसाठी शेगडीसोबत आलेली जाळी पुरते. आडच्या आचेसाठी जे सामान लागते, ते निवडताना एक गोष्ट पक्की धरावी: आधी आडोसा, मग बाकीचे सगळे.

तंदूर आणि ही शेगडी

अंड्याच्या आकाराची ही शेगडी जपानी ‘कामादो’ चुलीच्या कुळातली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांनी भात शिजवायची अशी झाकणाची मातीची भांडी मायदेशी नेली. १९७४ मध्ये अटलांटा शहरात ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी सुरू झाली. पुढे साध्या मातीच्या जागी जास्त उष्णता सोसणारे सिरॅमिक आले. जाड भिंती, खाली हवा घेणारे दार, वर हवा सोडणारी झडप आणि घट्ट बसणारे झाकण हे तिचे मुख्य भाग. तळाशी कोळसा, त्यावर जाळी. हवा जितकी कमी, तितकी आच मंद. हवा फारच थोडी खेळत असल्याने पदार्थातला ओलावा टिकतो आणि एकदा भरलेला कोळसा अनेक तास पुरतो.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरात अशा जाडजूड भिंतीच्या भट्टीची सवय जुनी आहे. गुलमंडीवरून सिटी चौकाकडे आणि पुढे जुन्या शहरात नानच्या भट्ट्या आहेत. नान-खलिया हे या शहराचे खास जेवण. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हाच्या फौजेशी त्याचे नाते सांगितले जाते. नानवाला पीठ गादीवर पसरतो, हात भट्टीत घालून ते भिंतीवर थापतो आणि फुगून डाग पडले की लोखंडी सळयांनी ओढून काढतो. तिथे भाजण्याचे मोठे काम तापलेली भिंत करते आणि भट्टीचे तोंड उघडे असते. सिरॅमिकच्या शेगडीत भिंत उष्णता धरून ठेवते, पदार्थ जाळीवर राहतो आणि झाकण बंद असते. म्हणून तंदूरची सवय इथे अर्धीच उपयोगी पडते.

जास्त उपयोगी सवय बिर्याणीच्या डेगची आहे. दम देताना हंडीखाली जाड तवा सरकवला जातो. ज्योत तव्याला लागते, तवा तापतो आणि हंडीच्या तळाला सगळीकडे सारखी ऊब मिळते. तळ करपत नाही. सिरॅमिक शेगडीतला आडोसा नेमके हेच काम करतो.

डिफ्लेक्टर: पहिली खरेदी

या आडोशाला बाजारात हीट डिफ्लेक्टर म्हणतात. सिरॅमिकची किंवा कॉर्डिएराइट नावाच्या उष्णतारोधक खनिजाची ही जाड तबकडी असते. ती निखाऱ्यांची थेट धग अडवते. तापलेली हवा तिच्या कडांवरून वर जाते, झाकणाच्या घुमटाला लागून खाली वळते आणि पदार्थाभोवती फिरते. शेगडी ओव्हन होते ती इथे.

डिफ्लेक्टर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, माप. तबकडी शेगडीच्या आतल्या घेरापेक्षा थोडी लहान हवी. भोवती साधारण २ ते ३ सेंटिमीटर मोकळी जागा असावी. तबकडी भिंतीला टेकली तर हवेची वाट बंद होते, कोळसा गुदमरतो आणि तापमान चढत नाही. तबकडी फारच लहान असेल तर कडेची धग सरळ वर येते आणि कोंबडीची एक बाजू काळी पडते. माप घेण्याची सोपी रीत अशी: रद्दी कागदाचा गोल कापून शेगडीत जाळीच्या पातळीवर धरावा, भोवतीची फट मोजावी आणि तो कागद घेऊनच खरेदीला जावे. शेगडीचे माप बहुधा जाळीच्या व्यासावरून सांगतात. घरगुती वापराच्या मोठ्या शेगडीची जाळी सुमारे ४६ सेंटिमीटर, म्हणजे १८ इंचांची असते.

दुसरी गोष्ट, आकार. काही डिफ्लेक्टरना तीन पाय असतात. पाय वर करून ठेवले तर जाळी थेट त्यांवर बसते. काही तबकड्या दोन अर्धगोलांत मिळतात. दोन्ही ठेवल्या की पूर्ण आडोसा होतो. एकच ठेवली तर एका बाजूला थेट आच आणि दुसऱ्या बाजूला आडची आच मिळते. घरात भरताची वांगी आणि भरलेली कोंबडी एकाच संध्याकाळी करायची असेल तर अर्धगोल अधिक कामाचे.

तिसरी गोष्ट, साहित्य. चकचकीत ग्लेझ असलेली फरशी, घराला लावतात ती टाइल किंवा रस्त्याकडेचा दगड डिफ्लेक्टर म्हणून ठेवू नये. दगडातल्या ओलाव्याची वाफ झाली की तो तडकतो, कधी फुटून उडतो. नव्या तबकडीलाही पहिल्यांदा हळूहळू तापवावे. तापलेल्या तबकडीवर थंड पाणी पडू देऊ नये.

चरबी कुठे जाते

कोंबडी किंवा मटण शिजताना चरबी ठिबकते. ती उघड्या तबकडीवर पडली की जळते, काळा धूर होतो आणि मांसाला कडवट वास लागतो. त्यासाठी डिफ्लेक्टरवर चरबी झेलणारा ट्रे ठेवावा. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे: ट्रे आणि डिफ्लेक्टर यांच्यामध्ये हवेची फट हवी. ट्रे थेट तबकडीवर टेकला तर तव्यावर ठेवलेल्या ताटलीसारखा तापतो आणि त्यातली चरबी जळतेच. धातूच्या छोट्या कड्या, स्टीलच्या तीन-चार जाड नटांचा आधार किंवा कुकरमध्ये भांडे ठेवायची जाळी यांनी १ ते २ सेंटिमीटरची फट सहज होते. नटांवर जस्ताचा मुलामा नसावा. तापलेले जस्त घातक धूर सोडते.

ट्रे म्हणून कडा असलेली स्टीलची थाळी पुरते. गुलमंडी आणि आसपासच्या बाजारातील भांड्यांच्या दुकानांत अशा थाळ्या हव्या त्या व्यासात मिळतात. थाळी डिफ्लेक्टरपेक्षा लहान असावी. थाळीत थोडे पाणी ओतले तर चरबी जळत नाही, मात्र पाणी आटले की ट्रे पुन्हा तापतो. मंद आचेच्या लांब शिजवणीत त्यावर लक्ष ठेवावे.

उंची आणि मजले

डिफ्लेक्टर जिथे बसतो, त्याच पातळीवर सोबत आलेली जाळी असेल तर पदार्थासाठी वरची दुसरी जागा लागते. उंच स्टँड किंवा मजल्यांची जाळी ही दुसरी खरेदी. घुमटाजवळ उष्णता जास्त परावर्तित होते, त्यामुळे वरच्या मजल्यावर पाव आणि पिझ्झ्याचा वरचा भाग लवकर रंगतो. अख्ख्या कोंबडीला मधला मजला चांगला. झाकण पदार्थाला टेकणार नाही इतकी जागा वर राहते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. जाळी स्टेनलेस स्टीलची असावी. क्रोम चढवलेली स्वस्त जाळी खरवडून साफ करताना सोलपटते.

पावाचा दगड आणि भांडी

नान, भाकरी किंवा पिझ्झा भाजायचा असेल तर स्वतंत्र दगड लागतो. हाच डिफ्लेक्टर पालथा घालून वापरू, असे वाटते. पण त्याला निखाऱ्यांची थेट धग लागलेली असते, त्यामुळे पावाचा तळ जळतो आणि वरचा भाग कच्चा राहतो. खाली डिफ्लेक्टर, मध्ये फट, वर दगड अशी मांडणी ठेवली तर दोन्ही बाजू बरोबरीने होतात. दगड निदान अर्धा तास शेगडीसोबत तापू द्यावा. मांसाची चरबी प्यायलेला दगड पावासाठी वापरू नये.

खलियासारखा रस्सा किंवा दमाचा पदार्थ करताना भांडे महत्त्वाचे. बिडाचे झाकणाचे भांडे सर्वांत भरवशाचे. पितळ किंवा तांब्याच्या हंडीला आतून कल्हई असते. कल्हईचे कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून अशी हंडी मंद आचेच्या रश्शालाच ठेवावी, कोरडी तापवू नये. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो. प्लॅस्टिक किंवा लाकडी मूठ असलेली कढई या शेगडीत घालूच नये.

तापमान पाहण्याची साधने

झाकणावरचा काटा घुमटातली हवा दाखवतो, जाळीवरची नव्हे. सुरुवातीला या दोहोंत बराच फरक असतो. डिफ्लेक्टर घातल्यावर शेगडी ३० ते ४५ मिनिटे स्थिरावू दिली की तो कमी होतो. मांसात टोचायचा डिजिटल थर्मामीटर ही चैन नाही. कोंबडीच्या मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता, ७४ अंश आले म्हणजे ती सुरक्षित शिजली. वेळ पाहून हे ठरवता येत नाही.

साधारण हिशोब असा: रान आणि जाड मटण यांना ११० ते १३५ अंश आणि काही तास, कोंबडीला १७५ ते १९०, पावाला २२० ते २५०, पातळ पिझ्झ्याला ३०० च्या आसपास. तापमान चढवणे सोपे, उतरवणे कठीण. जाड भिंती धरलेली उष्णता लवकर सोडत नाहीत. म्हणून हव्या त्या तापमानाच्या २०-२५ अंश आधीच खालचे दार आणि वरची झडप बारीक करायला लागावे.

कोळसा, धूर आणि काळजी

आडच्या आचेला लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा खडा कोळसा हवा. दगडी कोळसा कधीच नाही. कोळशाच्या दाबलेल्या विटांची राख जास्त होते आणि हवेची भोके बुजतात. मोठे खडे तळाशी, बारीक वर आणि चुरा बाजूला काढलेला असावा. भोके असलेली कोळशाची टोपली घेतली तर राख हलवून खाली पाडता येते, पण ती नंतरची खरेदी. राख ओढायची पळी मात्र पहिल्याच दिवशी हवी.

धुरासाठी आंबा, पेरू किंवा बाभळीच्या सुक्या लाकडाचे दोन-तीन तुकडे पुरतात. पॅकिंगच्या खोक्यांची फळी, प्लायवुड, रंग किंवा पॉलिश लागलेले लाकूड टाळावे. दाट पांढरा धूर पदार्थाला कडू करतो. धूर विरळ, निळसर झाला की मगच पदार्थ आत ठेवावा.

फार वेळ बंद असलेले गरम झाकण एकदम उघडले तर आत शिरलेल्या हवेने भडका उठतो. आधी झाकण बोटभर उचलून काही क्षण थांबावे, मग पुरते उघडावे. तापलेला डिफ्लेक्टर काढायला चामड्याचे लांब हातमोजे लागतात. जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड वायू सोडतो, त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे ही शेगडी उघड्या अंगणात किंवा गच्चीतच पेटवावी, बंद बाल्कनीत नव्हे.

खरेदीचा क्रम

नव्या शेगडीसाठी पहिल्या फेरीत मापाचा डिफ्लेक्टर, चरबीचा ट्रे आणि त्याखालच्या आधाराच्या कड्या, राखेची पळी, हातमोजे आणि मांसाचा थर्मामीटर घ्यावा. दुसऱ्या फेरीत उंच स्टँड आणि पावाचा दगड. कोळशाची टोपली, फिरता रॉड, पंख्याने तापमान सांभाळणारे यंत्र हे सगळे तिसऱ्या फेरीत, आणि तेही पहिल्या दोन फेऱ्यांचे सामान हाताला बसल्यावर. डिफ्लेक्टर आणि स्टँड शेगडीच्याच मापाचे हवेत, म्हणून ते शेगडीच्या विक्रेत्याकडून घेणे बरे. ट्रे, बिडाचे भांडे, पळी आणि कड्या गावच्या बाजारातूनच घ्याव्यात. तिथे त्या हातात धरून, वजन आणि जाडी पाहून निवडता येतात.