भाड्याच्या गोदीत भारताचं दालन

व्हेनिसमधल्या जार्दिनी या बागेत तीसेक देशांच्या स्वतःच्या इमारती आहेत. पहिली बेल्जियमने १९०७ साली बांधली. मग ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, रशिया अशी बडी मंडळी आली. इजिप्त, उरुग्वे आणि व्हेनेझुएला यांचीही तिथे हक्काची घरं आहेत. १९९५ साली कोरियाने आपलं दालन उभं केलं आणि त्यानंतर तीस वर्षं बागेत नव्या कोणाला जागा मिळाली नाही. भारताची इमारत तिथे नाही. व्हेनिस बिएनाले १८९५ पासून भरतं आहे, दर दोन वर्षांनी जगभरची समकालीन कला या शहरात लोटते, आणि आपण जातो तेव्हा घरचं कार्य भाड्याच्या हॉलमध्ये करावं तसे आर्सेनालेत गाळा घेऊन दालन मांडतो. आर्सेनाले म्हणजे व्हेनिस प्रजासत्ताकाची जुनी गोदी. जिथे गलबतांचे दोरखंड वळले जात आणि तोफा ठेवल्या जात, तिथेच आता प्रदर्शनं भरतात. जागा देखणी आहे, तक्रार जागेबद्दल नाही.

राष्ट्रीय दालन कोणी हौशी संग्राहक उठून भरवू शकत नाही. त्यासाठी देशाच्या सरकारने सहभाग कळवावा लागतो, आपला कमिशनर नेमावा लागतो आणि सगळा खर्च उचलावा लागतो. बिएनालेकडून पैसे मिळत नाहीत. सरकारी शिक्का नसेल तर दुसरी वाट उरते ती समांतर प्रदर्शनाची. एखाद्या संस्थेने शहरातला एखादा जुना वाडा भाड्याने घ्यायचा, बिएनालेची मान्यता मिळवायची आणि अधिकृत यादीत नाव लावायचं. भारत या दोन्ही वाटांनी गेला आहे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. दर वेळी भागीदार नवे असतात आणि काम पहिल्या पानापासून सुरू होतं.

१९५० च्या दशकापासून भारतातून अधूनमधून चित्रं व्हेनिसला जात होती. पण क्युरेटरने एका सूत्राभोवती आखलेलं रीतसर राष्ट्रीय दालन उभं राहिलं ते २०११ साली. ललित कला अकादमीचे अध्यक्ष तेव्हा हिंदी कवी अशोक वाजपेयी होते. क्युरेटर होते मुंबईचे कवी आणि कला-समीक्षक रणजित होस्कोटे. कवीने निवडलेल्या कवीवर फार अपेक्षा ठेवू नये, असं तेव्हा कोणाला वाटलं असेल तर ते चुकले. लिलावात कोट्यवधींची बोली लागणारी नावं होस्कोटे यांनी बाजूला ठेवली. अलीगढला जन्मून न्यूयॉर्कला स्थिरावलेल्या झरीना हाश्मी, दिल्लीचे जिजी स्कारिया, कोलकाता आणि ॲमस्टरडॅम अशा दोन शहरांत राहणारे प्रणीत सोई आणि गुवाहाटीचं डिझायर मशीन कलेक्टिव्ह, एवढेच त्यांनी नेले. स्कारिया यांनी एक लिफ्ट उभी केली होती. आत शिरलं की भिंतींवरच्या चित्रफितीमुळे आपण भारतीय शहराचे मजले चढतोय-उतरतोय असं वाटायचं. गुवाहाटीच्या कलेक्टिव्हने बंद पडलेल्या औष्णिक वीजकेंद्राची फिल्म दाखवली. भारत म्हणजे काय, याचं उत्तर नकाशाच्या कडेवर राहणाऱ्यांकडून घ्यायचं, हा त्यामागचा विचार होता. सरकारी पैशाने इतकं अ-सरकारी दालन उभं राहणं मला आजही नवलाचं वाटतं.

पुढच्या वेळी, २०१३ साली, भारत आलाच नाही.

२०१५ सालीही सरकारकडून दालन नव्हतं आणि पाकिस्तानचंही नव्हतं. ही रिकामी जागा दिल्लीच्या गुजराल फाउंडेशनने हेरली. पालाझ्झो बेन्झोन या वाड्यात त्यांनी मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे रशीद राना यांना एका छताखाली आणलं. शिल्पा भारत-बांगलादेश सीमेवरचं कुंपण आणि तिथली माणसं यांवर काम करत होत्या. राना यांनी लाहोरच्या लिबर्टी मार्केटमधल्या एका खोलीला थेट प्रक्षेपणाने व्हेनिसशी जोडलं, आणि बाजारात आलेला माणूस व्हेनिसच्या पाहुण्याशी गप्पा मारू लागला. दोन परराष्ट्र मंत्रालयांना सुचणार नाही असं काम एका खाजगी संस्थेने केलं. अधिकृत यादीत मात्र ते समांतर कार्यक्रम म्हणूनच राहिलं. शिक्का नसण्याची ही किंमत असते.

२०१९ सालच्या दालनात सरकार आणि खाजगी संस्था पहिल्यांदाच नीट एकत्र आल्या, म्हणून ते जास्त तपशिलाने पाहण्यासारखं आहे. निमित्त गांधींच्या दीडशेव्या जयंतीचं होतं. सांस्कृतिक मंत्रालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, उद्योगांची संघटना सीआयआय आणि किरण नाडर यांचं कला संग्रहालय असे चार भागीदार. कमिशनर होते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे महासंचालक अद्वैत गडनायक. क्युरेटर होत्या नाडर संग्रहालयाच्या रुबिना करोडे. चार संस्था कशाला, असं वरवर वाटतं. पण या दालनातली नंदलाल बोस यांची हरिपुरा पोस्टर्स घ्या. गांधींच्या सांगण्यावरून १९३८ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी रंगवलेल्या या चित्रांत शेतकरी, शिंपी, ढोलकीवाला अशी साधी माणसं आहेत. १९७२ च्या कायद्याखाली ज्यांची चित्रं राष्ट्रीय कलानिधी ठरली आहेत, अशा मोजक्या चित्रकारांत नंदलाल आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्यांचा कागदही देशाबाहेर जात नाही. कितीही श्रीमंत खाजगी संग्रहालय असलं तरी इथे त्याचे हात बांधलेले. उलट मांडणीला लागणारा वेग, विमा, क्युरेटरचा चमू आणि वेळेत सुटणारं बिल या गोष्टी सरकारी फाइलीला झेपत नाहीत. म्हणून दोघांना एकमेकांची गरज होती.

गांधींचं निमित्त म्हटल्यावर चरखा आणि चष्मा येणार, ही धास्ती होती. करोडे यांनी ते टाळलं. जितीश कल्लाट यांच्या मांडणशिल्पात अंधाऱ्या खोलीत धुक्याचा पडदा कोसळत राहतो आणि त्यावर गांधींनी १९३९ साली हिटलरला लिहिलेलं पत्र सरकत जातं. पाहणारा त्या अक्षरांमधून चालत पलीकडे जातो. घाटकोपरच्या अतुल डोडियांची काचेची कपाटं २००२ च्या गुजरात दंगलींनंतरची आहेत. त्यांत कृत्रिम हातपाय, हाडं आणि जुने फोटो आहेत. जी. आर. इरण्णा यांनी शेकडो लाकडी पादुका भिंतीवर चढवल्या. १९९९ साली गेलेल्या रुम्माना हुसेन यांचं, मुंबईच्या दंगलींच्या सावलीत घडलेलं काम त्यात होतं, आणि मुंबईच्या शकुंतला कुलकर्णी यांची वेताची चिलखतंही. बाईच्या अंगावर ते चिलखत बसतं तेव्हा संरक्षण कोणतं आणि पिंजरा कोणता, हे ठरवता येत नाही. समारंभी जयंतीच्या सरकारी यादीत ही तीन-चार नावं सहज गळली असती. भागीदारीचा खरा नफा मला इथे दिसतो.

व्हेनिसमध्ये कोणतंही खोकं शेवटी होडीतूनच येतं, गाडी शहरात शिरत नाही. विमानाने आलेला माल मुख्य भूमीवर उतरवायचा, मग मालवाहू होडीत चढवायचा, भरती-ओहोटी पाहून धक्क्याला लावायचा. आपण नेलेलं परत आणणार आहोत याची हमी देणारा जकातीचा कार्ने भारतात फिक्कीकडून घ्यावा लागतो. पाण्याशी गाठ शेवटपर्यंत सुटत नाही. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री भरतीचं पाणी १८७ सेंटिमीटरवर गेलं, १९६६ नंतरचं सर्वांत जास्त. दुसऱ्या दिवशी बिएनाले बंद ठेवावं लागलं. हे सगळं एकदा शिकलेला माणूस दुसऱ्या खेपेला सोन्याच्या मोलाचा असतो. पण आपल्याकडे दुसरी खेप त्याच माणसाला मिळत नाही. २०१९ नंतर २०२२ आणि २०२४ ही दोन्ही बिएनाले भारतीय दालनाविना गेली.

याचा दोष खाजगी पैशावर ढकलायचा मोह होतो. पण अमेरिकेचं दालन पाहा. १९३० साली ते न्यूयॉर्कच्या एका गॅलरीने बांधलं, पुढे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विकत घेतलं आणि १९८६ पासून ते गुगेनहाइम प्रतिष्ठानकडे आहे. ब्रिटनचं दालन १९३७ पासून ब्रिटिश कौन्सिल सांभाळते. पैसा कोणाचाही असो, किल्ली एकाच्या कमरेला असते आणि जुन्या फाइली त्याच्याच कपाटात असतात. आपल्याकडे २०११ ची फाइल ललित कला अकादमीत आणि २०१९ ची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या जयपूर हाउसमध्ये.

२०२६ च्या बिएनालेसाठी मंत्रालयाने पुन्हा नवे भागीदार घेतले आहेत. मुंबईचं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर आणि २०१६ पासून पणजीत मोठा कला महोत्सव भरवणारं सेरेंडिपिटी आर्ट्स. क्युरेटर अमीन जाफर आहेत. दुरावलेलं घर हा विषय आहे, आणि आल्वार बालसुब्रमण्यम, रंजनी शेट्टर, सुमाक्षी सिंग, असीम वाकिफ आणि स्कर्मा सोनम ताशी असे पाच कलावंत. गोव्यातल्या महोत्सवाचा अनुभव पाठीशी असलेली संस्था आहे, त्यामुळे मांडणीची काळजी कमी. करार मात्र याही वेळी एका खेपेचा की पुढचाही, हा प्रश्न मंत्रालयाला विचारायला हवा.

दालन नसलं म्हणून भारतीय कलावंत व्हेनिसला जायचे थांबत नाहीत, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो खराही आहे. २००९ च्या मुख्य प्रदर्शनात सुनील गावडे, अंजू डोडिया, शीला गौडा, निखिल चोप्रा होते. २०१९ साली शिल्पा गुप्ता यांनी तुरुंगात टाकलेल्या शंभर कवींच्या ओळी शंभर मायक्रोफोनमधून ऐकवल्या. पण त्यांना परदेशी क्युरेटरने शोधलं होतं, आणि तो शोधत येतो तो बहुधा मुंबई, दिल्ली, बंगळुरूपर्यंत. लडाखची माती आणि कागदाचा लगदा घेऊन काम करणारे स्कर्मा सोनम ताशी त्याच्या वाटेवर सहज लागत नाहीत.