इंजिनाचा तुटलेला स्टड कसा काढावा?

ऐन पाण्याच्या पाळीला विहिरीवरील डिझेल इंजिनाच्या हेडचा स्टड तुटल्यास घाईने ठोकाठोक करू नये. स्टड थोड्या खर्चात नवा मिळतो. बिडाचा ब्लॉक तडकल्यास मात्र नुकसान मोठे होते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेड उतरवावे. सिलिंडरचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे, म्हणजे लोखंडाचा कीस आत पडणार नाही. स्टडच्या बुडाशी पातळ तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे.

तुटलेला भाग वर राहिला असल्यास त्याच्या आट्यांवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळावेत आणि खालच्या नटाला पाना लावून स्टड डावीकडे फिरवावा.

स्टड पृष्ठभागालगत तुटला असल्यास डोळ्यांना चष्मा लावून बरोबर मध्यावर पंचाने खूण करावी. बारीक ड्रिलने सरळ भोक पाडून ते वाढवावे. १० मिलिमीटर स्टडला ५ ते ६ मिलिमीटर भोक पुरते. त्यात उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवून हळूहळू डावीकडे फिरवावा. एक्स्ट्रॅक्टर कठीण पण ठिसूळ असतो. तो आत मोडल्यास त्यावर साधे ड्रिल चालत नाही. म्हणून तो अडताच थांबावे व काम कुशल फिटरकडे सोपवावे.

नवा स्टड त्याच मापाचा व त्याच आट्यांचा घ्यावा. भोकातील कीस व तेल काढून टाकावे. हेडचे नट समोरासमोर, तीन टप्प्यांत, इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत. अतिरेकी आवळण्यानेही स्टड तुटतात, हे शेतकऱ्यांस आवर्जून सांगावे.