आजी, अज्जी आणि ‘कुणाचं आम्ही?’

आमच्या बेळगावच्या घरात दोन आज्या होत्या आणि त्यांच्यात फरक होता तो एका जोडाक्षराचा. वडिलांची आई ती आजी, आईची आई ती अज्जी. आजी साताऱ्याकडची. लग्न होऊन बेळगावात चाळीस वर्षं काढली, पण कानडीचा एक शब्द तोंडून काढायचा नाही, असं जणू व्रतच घेतलेलं. अज्जी धारवाडजवळच्या खेड्यातली. अज्जा गेल्यावर ‘चार दिवस’ म्हणून लेकीकडे आली आणि अकरा वर्षं राहिली. तिला मराठी येत नव्हतं. या दोघींमधलं टपालखातं म्हणजे आम्ही तीन भावंडं. टपाल कधी उशिरा पोचायचं, कधी फुटलेलं पोचायचं.

अज्जी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी रिकामा पेला घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “हालु?” कानडीत हालु म्हणजे दूध. आजीनं ते ऐकलं आणि तडक वडिलांना गाठलं. “अरे, विहीणबाईंचे हाल होताहेत म्हणे. एका रात्रीत कसले हाल झाले, विचार तरी!”

पुढं आजीला ऐकू कमी येऊ लागलं. दर वाक्याला तिचं “काय? काय?” सुरू झालं. कानडीत ‘काई’ म्हणजे नारळ. अज्जीनं दोन-तीनदा ऐकून घेतलं, मग देवघरातला नारळ उचलून तिच्यापुढं आणून ठेवला. आजीला वाटलं, सोलायला सांगताहेत. ती मुकाट्यानं सोलायला बसली आणि त्या दिवशी कुणी मागितल्या नसताना नारळाच्या वड्या झाल्या.

सणावारी मात्र भांडणाला जागाच नव्हती. दोघींचं पंचांग एकच, त्यामुळे गुढीपाडवा आणि युगादी एकाच सकाळी उजाडायचे आणि कडुलिंब दोन्हीकडून खावा लागायचा. संक्रांतीला एकीकडून “तिळगूळ घ्या, गोड बोला,” दुसरीकडून “एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडु.” अर्थ तोच. हातावर पडायचं ते दोनदा, म्हणून आमची तक्रार नव्हती. पुरणपोळीला अज्जी होळगी म्हणायची, कटाच्या आमटीला सारु. पण शेंगदाण्याच्या कुटाची आणि गुळाची शेंगा होळगी ही फक्त अज्जीची. आजी ती चारचौघांत खायची नाही. दुपारी डबा हलका झालेला असायचा, एवढंच.

धाकट्या भावानं एकदा कुठंसं वाचून तिला सांगितलं, की तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द मराठीत कानडीतून आलेत. चाळीस वर्षांचं व्रत रोज जेवणाच्या पानावरच मोडत होतं म्हणायचं! आजी शांतपणे म्हणाली, “मग आता परत मागताहेत की काय?”

आमच्या आईची मराठी लग्नानंतरची. कानडीत वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, त्यामुळे तिच्या तोंडी खुर्ची ‘मोडलं’ आणि पंखा ‘बिघडलं’. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. त्यांनी ‘गणगोत’मध्ये ‘रावसाहेब’ लिहून इथली बोली साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली. तेव्हापासून पुण्याचे पाहुणे आमच्याकडे आले, की आम्ही तोंड उघडायच्या आधीच हसू लागतात. त्यांच्या लेखी आम्ही कानडी. बंगळूरच्या पाहुण्यांच्या लेखी मराठी. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कानडी कवितेसाठी त्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं, हे वडील दोन्हीकडच्या पाहुण्यांना सांगत. दोन्हीकडचे चहा घेऊन उठत.

खुर्ची मोडलं तरी घर मोडत नाही. खरा घोळ केला तो ‘आम्ही’ या शब्दानं. आई म्हणायची, “अत्ती, आम्ही उद्या कपिलेश्वराला जाणार.” तिच्या मनात सगळे असत, अत्तीसुद्धा. आजीला ऐकू यायचं ते असं, की हे सगळे जाणार आणि मी घर राखणार. “जा की,” एवढं बोलून ती रात्री पानावरून लवकर उठायची. आईला कळायचं नाही, आपलं काय चुकलं. “आम्ही यंदा पापड घरीच करू,” “आम्ही नवीन घर बघू.” अशा कितीतरी ‘आम्ही’ आजीच्या मनात साठत गेल्या. नवीन घराच्या ‘आम्ही’वर तर ती चार दिवस बोलली नव्हती.

उलगडा केला तो काकांनी. ते शाळेत मराठी शिकवायचे. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’. तेलुगूतही असे दोन शब्द आहेत, मनमु आणि मेमु. तमिळमध्येही आहेत. मराठीला ही सवय दक्षिणेच्या शेजारामुळे लागली असावी, असं अभ्यासक मानतात. पण खुद्द आजच्या कानडीत मात्र एकच शब्द उरलाय, ‘नावु’. त्यात सगळेच येतात. आजीनं हे सगळं ऐकून घेतलं, मग आईकडे बघत म्हणाली, “मग नऊ वर्षं बोलली नाहीस ती?” त्यानंतर आईनं ‘आम्ही’ म्हटलं, की आजी जागच्या जागी विचारायची, “कुणाचं आम्ही? तुझं की आपलं?” आमच्या घरात अजूनही कुणी बेत जाहीर केला, की हा प्रश्न येतोच.

आता दोन्ही आज्या नाहीत. आई भावाकडे पुण्याला असते. वय झालंय, विसरायला होतं, आणि लग्नानंतर आलेली मराठी तिच्या हातून हळूहळू सुटत चाललीय. उरलीय ती धारवाडकडची कानडी. नातवंडांना ती येत नाही. वहिनी नागपूरची. तिनं फ्रिजवर एक कागद चिकटवलाय: बेकु म्हणजे हवं, बेड म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, नीरु म्हणजे पाणी. फोनवर माझ्याकडून रोज एखादा शब्द वाढतो.

संध्याकाळ झाली, की आई पिशवी भरते आणि म्हणते, “नावु मनीगे होगोण.” चला, घरी जाऊया. बेळगावचं घर विकून झालं, खेड्यातलं तर केव्हाच पडलं. पुतण्यानं फोन करून विचारलं, “आजी कुठल्या घरी म्हणते गं? आणि ‘नावु’ म्हणजे मीपण का?”

मी म्हटलं, तूपण.

मग तो, वहिनी आणि आई सोसायटीला एक फेरी मारतात. पिशवी पुतण्याच्या हातात. परत दारात आल्यावर आई चपला काढत “बंदवी” म्हणते, म्हणजे आलो. वहिनीही म्हणते, “बंदवी.”